पोटाखालचा हात

चौकशीबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती, आणि त्यांत नवऱ्याचा नंबर लागत नव्हता. तोही त्यांना चौकशीच म्हणायचा. बसस्थानकातल्या ज्या खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती, त्या खिडकीमागे बाईंची अख्खी नोकरी गेली. पाटी खिडकीची होती, चिकटली बाईंना.

त्या खिडकीशी येऊन माणसं काय काय विचारायची! गाडी कधी सुटते हे विचारणारे झालेच, पण 'आमची ही इकडे दिसली का?' असं विचारणारे नवरेही यायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, 'लांब जाणारी कुठलीही गाडी सांगा.' बाईंनी त्यांना आधी पाणी दिलं, मग बाकावर बसवलं आणि शेवटी घरी परत नेणारी गाडी सांगितली. इतक्या वर्षांत बाईंना एक सवय लागली. समोरच्याने तोंड उघडायच्या आत यांचं उत्तर तयार. सवय चांगलीच होती, पण चांगल्या सवयीसुद्धा माणसाला गोत्यात आणतात, ते पुढे येईलच.

निवृत्त झाल्यावर बाईंच्या ध्यानात आलं की जन्मभर आपण दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि आपले प्रश्न तसेच पडून राहिले. मग काय विचारता! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला त्या आतली तार किती जाड असते ते विचारायच्या. न्हाव्याला विचारायच्या, तुमच्या कात्रीला धार कोण लावतं? रस्त्यात खड्डा खणलेला दिसला की वाकून आत बघितल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. नवरा म्हणायचा, "तुला येताना बघून दुकानदार शटर ओढून घेतात." जित्याची खोड, दुसरं काय.

अशाच एका सकाळी त्यांना फुटपाथवरची पिवळी पट्टी दिसली. तशी ती रोजच दिसायची, त्या दिवशी प्रश्न पडला. उंचवटे असलेल्या फरश्यांची ती पट्टी सरळ जाते, रस्ता ओलांडायच्या जागी गोल ठिपक्यांची होते, मग वळते. पण जाते कुठे? बाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि पट्टीवरून अनवाणी चालायला सुरुवात केली. लोक बघत होते. बघोत बापडे. पट्टी औषधाच्या दुकानावरून गेली, मध्येच एका विजेच्या खांबावर जाऊन थडकली (पट्टीच्या बरोब्बर मधोमध खांब रोवणाऱ्याला बाईंनी मनातल्या मनात चार शब्द सुनावले), आणि पुढे एका जुन्या इमारतीच्या दाराशी संपली. दारात काळा चष्मा लावलेली एक बाई हातातल्या पांढऱ्या काठीची घडी घालत उभी होती.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

"कुणी नको. ही पट्टी कुठे जाते ते बघायला आले."

"इथे येते," ती म्हणाली. "आता आलातच आहात, तर बसा."

तिला सगळे ताई म्हणत. ज्यांची नजर गेली आहे किंवा जात चालली आहे, अशा माणसांना एकट्याने राहायला, स्वयंपाक करायला, रस्त्यावर वावरायला शिकवणारी ती संस्था होती, आणि ती पट्टीही त्यांच्याच पायांसाठी होती. ताई ती चालवायची आणि तिला स्वतःला लहानपणापासून दिसत नव्हतं. बाई त्या दिवशी दुपारपर्यंत तिथून हलल्या नाहीत, आणि पुढच्या आठवड्यापासून तिथल्या स्वयंसेवक झाल्या.

आधी स्वतः शिकायचं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून बाईंनी चहा गाळला, बटणं लावली, जिना उतरला. पेला भरत आला की धारेचा आवाज बारीक होत जातो, हे त्यांना या वयात कळलं आणि त्या इतक्या हरखल्या की घरी जाऊन घरातले सगळे पेले भरून बसल्या. गॅसच्या बटणावर बंद कुठे आणि मंद कुठे ते बोटाला कळावं म्हणून रबराचे चिकट ठिपके कसे लावायचे, हेही कळलं. बाईंनी हौसेने आपल्याच स्वयंपाकघरात इतके ठिपके लावले की नवरा म्हणाला, "गॅसला गोवर झालाय का?" आणि दिसत नसलेल्या माणसाला धरून ढकलत न्यायचं नसतं. आपला दंड पुढे करायचा, धरायचा की नाही ते त्याने ठरवायचं. ताईचा मुख्य नियम एकच होता. मागितल्याशिवाय मदत नाही, तोवर हात पाठीमागे.

बाईंनी हात पाठीमागे बांधले. हातांना हळूहळू सवयही झाली. तोंडाबद्दल आणि फोनबद्दल मात्र ताई काही बोलली नव्हती.

काही दिवसांनी ताईने त्यांना मास्तरांकडे पाठवलं. मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे. गावातल्या निम्म्या लोकांच्या नाकातोंडात त्यांच्याच देखरेखीखाली पाणी गेलं होतं. उंच, ताठ, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन परगावी. आणि आता डोळ्यांच्या ऐन मधला भाग गेलेला. कडेकडेचं सगळं दिसायचं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जायचं.

"म्हणजे मी तुम्हाला कशी दिसते?" पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलं. असं विचारू नये हे त्यांना कळत होतं, पण राहवलं नाही.

मास्तरांना राग आला नाही. असं सरळ त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "तोंडाकडे बघितलं तर तोंडच नाही," ते म्हणाले. "कानाकडे बघितलं तर जरा जरा तोंड दिसतं. त्यामुळे मी कानाकडे बघतो आणि लोकांना वाटतं म्हातारा शिष्ट झाला."

बाईंनी घरी येऊन बराच वेळ नवऱ्याच्या कानाकडे टक लावून बघितलं. "आता कानात काय शोधतेस?" तो म्हणाला.

घरातलं मास्तर भराभर शिकले. अंडं उकडणं, भाजी चिरणं, औषधाच्या बाटल्यांना वेगवेगळे रबर लावून ओळखणं, सगळं. अडत होतं ते बसपाशी. त्यांना तलावावर जायचं होतं. शिकवणं सुटलं होतं, पण रोजचं पोहणं सुटलेलं त्यांना सोसत नव्हतं. "पाण्यात मला डोळे लागतच नाहीत हो," ते म्हणायचे. "एका बाजूला दोर, समोर भिंत. तिथे मी जसा होतो तसाच आहे." पण त्यांच्या थांब्यावर चार ठिकाणच्या गाड्या यायच्या आणि गाडीचा नंबर काही वाचता यायचा नाही. विचारावं लागणार होतं. आणि मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त सांगितलं होतं, तेही शिट्टी वाजवून.

थांब्यावर उभे राहून ते गरजायचे, "तलावाची गाडी!" लोक दचकून बाजूला व्हायचे. कुणाला वाटायचं हे तपासनीस आहेत. एकाने तर खिशातून तिकीट काढून दाखवलं.

"अहो, हा हुकूम झाला," बाई म्हणायच्या. "आधी 'जरा ऐकता का' म्हणा. मग जायचं ठिकाण सांगा. मग गप्प राहा. उत्तराला जागा ठेवा." प्रश्न कसा विचारला की नीट उत्तर मिळतं, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मास्तरांच्या घशातून प्रश्न बाहेर पडेना.

त्यातच मुलीचा फोन आला. महिनाअखेर ती येणार होती आणि मास्तरांना कायमचं आपल्या घरी नेणार होती. वरची खोली रंगवून तयार होती. मुलगी वाईट नव्हती, घाबरलेली होती. जिन्यात वडील एकदा पडले तेव्हापासून फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. मास्तर तिला म्हणाले, "येऊन बघ. मी एकटा राहू शकतो की नाही ते तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही पटलं तर मुकाट्याने येतो." त्यांनी फोन ठेवला. मग बाईंच्या कानाकडे बघत म्हणाले, "तिच्याकडे सगळं आयतं मिळेल. त्याचीच भीती वाटते."

बाईंचा जीव कळवळला. आणि जीव कळवळला की बाईंचा हात फोनकडे जायचा. डेपोत त्यांना कोण ओळखत नव्हतं? त्यांनी त्या मार्गावरच्या कंडक्टरांना एकेक करून फोन लावले. उंच, ताठ, पांढरी टोपी, हातात पोहण्याची पिशवी. दिसले की हाक मारा, तलावापाशी उतरवा. पहिल्याच दिवसापुरतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आणि कंडक्टरांना 'आता पुरे' म्हणून सांगायचं त्यांच्याच्याने काही होईना.

मास्तर खुशीत होते. रोज एकटे जायचे, एकटे यायचे, केस ओले. "कंडक्टर लोक फार सुधारले हो आजकाल," ते सांगायचे. "मी थांब्यावर जातो न जातो तोच 'या मास्तर, आपलीच गाडी!' मी उगाच घाबरत होतो." बाई 'हो ना' म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. रात्री जेवताना घास गिळायला त्यांना जरा जास्त वेळ लागायचा.

मुलगी आली. ठरल्याप्रमाणे ती मास्तरांच्या मागोमाग बसमध्ये चढली, मागच्या दाराने, एक शब्द न बोलता. बाई थांब्यावरच्या बाकावर बसून राहिल्या. दोघं परत आले तेव्हा मुलीचा चेहरा फुलला होता. "मावशी, बाबांना मानलं!" ती लांबूनच म्हणाली. "काय रुबाबात गेले आणि आले!"

मास्तर मात्र बाईंच्या थेट तोंडाकडे बघत होते. कानाकडे नाही, तोंडाकडे. बाईंना एवढ्या दिवसांत कळलं होतं की मास्तर ज्याच्याकडे असे सरळ बघतात, तो त्यांना दिसत नसतो.

घरी गेल्यावर मुलगी चहा टाकायला उठली, तर मास्तर म्हणाले, "पोरी, आधी बस. बाई, तुम्हीही बसा. आज उतरताना कंडक्टर हळूच मला म्हणाला, 'बाईंना सांगा, आजही बिनचूक पोचवलं.' तू मागे होतीस, तुला ऐकू गेलं नाही. मला गेलं."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. बाईंनी सगळं सांगून टाकलं. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे आज तू जे बघितलंस ते खोटं होतं," मास्तर मुलीला म्हणाले. "मी गप्प बसलो असतो तर मी जिंकलो होतो. पण मग माझ्याच घरात मी चोरासारखा राहिलो असतो." मग ते बाईंकडे वळले. आवाज चढला नाही, त्यानेच बाईंना जास्त लागलं. "मी इतक्या पोरांना पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचा आणि एक दिवस काढून घ्यायचा. काढला की मी मोठ्याने सांगायचो, 'काढला!' पोरं घाबरायची, पण खोटं कधी बोललो नाही. तुम्ही हात तसाच ठेवलात आणि मला सांगितलंत, काढला म्हणून."

बाईंना रडू आलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बुडाल याची मला भीती वाटली."

"मला वाटत नाही होय?" मास्तर म्हणाले.

मुलगी उठली आणि आतून वडिलांचे कपडे आणून पलंगावर ठेवू लागली. तिला वाटलं, प्रश्न मिटला. मास्तरांनी तिला थांबवलं. "उद्याचा एक दिवस दे. उद्या खरा जातो. दिवेलागणीच्या आत पोहून घरी आलो नाही, तर परवा तुझ्याबरोबर निघतो. बाई, लावा फोन तुमच्या लोकांना. माझ्यासमोर."

बाईंनी फोन लावला. "उद्या मास्तरांना कुणी ओळख दाखवायची नाही," त्या कंडक्टरला म्हणाल्या.

"आणि चुकीच्या गाडीत चढले तर?" तिकडून आवाज आला.

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली.

"तर चढू द्यायचं," बाई म्हणाल्या. एवढं अवघड वाक्य त्यांनी खिडकीमागे कधी उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून मास्तर टोपी घालून, काठी घेऊन निघाले. मागे बाई आणि मुलगी, दोघी समोरासमोर. दुपार सरली. घरात पंख्याचा आणि शेजारच्या नळाचा तेवढा आवाज. ऊन दारातून फरशीवर आलं, फरशीवरून भिंतीवर चढलं आणि विझलं. मुलगी दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन यायची. शेवटी रस्त्यावरचे दिवे लागले.

"मावशी, एक फोन करा," मुलगी म्हणाली. "कुठे आहेत एवढंच विचारा. त्यांना कळणारही नाही."

"तेच तर केलं होतं मी," बाई म्हणाल्या.

"माझे वडील आहेत ते! पडले असतील कुठेतरी!"

बाईंच्या मनातही तेच होतं, त्याहून वाईटही होतं. एका फोनचं काम. कुठल्या थांब्यावर, कुठल्या गाडीत, सगळं कळलं असतं. ज्या बाईला खड्ड्यात वाकून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्यांनी फोन उचलला आणि मुलीच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिला तर मी करीन. कंडक्टरचा नंबर सगळ्यात वर आहे. तुला करायचा असेल तर तू कर, मी अडवणार नाही."

मुलीने नंबर काढला. बोट त्यावर धरून ती तशीच उभी राहिली. "मला शिकवताना बाबांनी हात काढला ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मी तळाशी गेले होते. खूप पाणी प्यायले. ते शेजारीच पाण्यात उभे होते, तरी आले नाहीत."

"मग?"

"मग काय, आपली आपण वर आले." तिने फोन कपाटावर, आपला हात सहज पोचणार नाही असा ठेवून दिला आणि येऊन बाईंच्या शेजारी बसली. बसल्यावर तिने बाईंचा हात घट्ट धरला.

दाराशी काठीचा आवाज आला तेव्हा दोघी एकदम उठल्या, आणि दोघीही जागच्या जागी थांबल्या. मास्तरांनी कुलपाचं भोक बोटाने चाचपलं, किल्ली लावली, दार उघडलं. केस ओले होते. एका गुडघ्याला माती लागली होती.

"उशीर झाला," ते म्हणाले. "शब्द मोडला माझा. तो हिशेब तू कर, पण आधी ऐका. थांब्यावर एका बाईंना विचारलं, अगदी नीट, 'जरा ऐकता का' म्हणून. त्या 'हो' म्हणाल्या. मी चढलो. मग कळलं, त्या फोनवर दुसऱ्याच कुणाला तरी हो म्हणत होत्या! गाडी थेट शेवटच्या थांब्याला."

"कारखाना," बाईंच्या तोंडून निघालं. "शेवटचा थांबा, कारखाना."

"तोच. कसला कारखाना आहे तो, माहीत आहे?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही. हजार वेळा लोकांना त्यांनी त्या थांब्याची गाडी सांगितली होती, आणि कसला कारखाना ते त्यांना ठाऊक नव्हतं. "कसला?" त्यांनी विचारलं.

"सायकलच्या घंट्यांचा! तयार झालेली एकेक घंटी वाजवून बघतात. दिवसभर! मी पायरीला अडखळून पडलो, तर आतून माणसं धावत आली. मला बाकावर बसवलं. मी विचारलं, हा आवाज कसला? मग विचारतच सुटलो. बेसूर वाजली तर काय करता? ऐकणाऱ्याचा कान दुखतो का? त्यांनी मला दहा-वीस घंट्या वाजवायला दिल्या. वेळ कसा गेला कळलंच नाही. परत येतानाही विचारलं, तलावापाशी उतरताना विचारलं, पोहलो, घरी येताना पुन्हा विचारलं. पोरी, लोक सांगतात गं. चुकीचं सांगतात, पण सांगतात."

मास्तर बोलायचे थांबले. आता मुलगी काय म्हणते यासाठी ते तिच्या कानाकडे बघत उभे राहिले. ताठ माणूस तो, पण काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

मुलीने त्यांच्या गुडघ्याची माती झटकायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. मग ती चौकशीबाईंकडे वळली. डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीचा होता.

"मावशी, उद्याची माझी दोन तिकिटं आहेत. त्यांतलं एक रद्द करायचं असेल तर कुठल्या खिडकीवर जायचं?"

उत्तर बाईंच्या ओठांवर होतं, पण त्या चपला शोधू लागल्या. "चल, मी येते बरोबर," त्या म्हणाल्या.

"नको," मुलगी म्हणाली. "मी जाईन विचारत विचारत."